भूमध्य समुद्र, तालुका माण

सातारा जिल्ह्यात पैसे देऊन दगड घेणारा पहिला माणूस दिसला तेव्हा लोकांनी त्याच्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. बांधकाम काढलं असेल, म्हणाले. आता असे लोक वाढले आहेत. गोडोलीपासून शाहूपुरीपर्यंत नव्या बंगल्यांपुढं खडीचे ढीग पडतात, आणि ते स्लॅबसाठी नसतात, बागेसाठी असतात. ज्या गावाच्या उशाला अजिंक्यतारा आहे, जिथं नळाच्या पायपासाठी हातभर चर खणायचा म्हटलं तरी ब्रेकर आणावा लागतो, तिथं माणसं ब्रासच्या भावानं दगड आणून अंगणात पसरतात आणि पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात.

ह्याला भूमध्यसागरी बाग म्हणतात. हिरवळ नको, रोज पाणी नको, गवत कापायचं यंत्र नको. खडीचा जाड थर, त्यातून अंतराअंतरानं डोकं वर काढणारी करड्या पानांची झुडपं, एखादं ऑलिव्हचं झाड, पांढरी भिंत आणि भिंतीशी मातीचा मोठा रांजण. रांजण रिकामा. आमच्या आजीच्या घरी रांजण रिकामा दिसला तर सुनेची धडगत नसे. ह्या बागेत तो रिकामा दिसावा म्हणून डिझायनर खास जागा आखून देते.

आमचे साडू बँकेतून निवृत्त झाले आणि ताईंना घेऊन युरोपच्या सहलीला गेले. सहलीत ग्रीस दीड दिवस होता. त्या दीड दिवसात त्यांनी काढलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त दगडांचे आहेत, काहींत मागं ताईही दिसतात. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की बंगल्यापुढचं लॉन काढायचं. कारणं दिली ती कुणालाही पटावीत अशी होती. लॉन रोज पाणी पितं. नळाला रोज पाणी येतंच असं नाही. आणि मे महिन्यात पलीकडच्या आळीतल्या बाया कळशा घेऊन टँकरची वाट बघत असताना आपण पाइपानं गवत भिजवत उभं राहणं बरं दिसत नाही. इतक्या सुज्ञ विचारातून पुढं एवढा खर्च निघेल, असं त्या वेळी कुणाच्याच मनात आलं नाही.

कल्पना खुळी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. इंग्लंडात एसेक्स परगण्यात, कोल्चेस्टरजवळ, बेथ चॅटो नावाच्या बाईंची रोपवाटिका होती. तिथं गाड्या उभ्या करायची जी जागा होती, तिच्यावर त्यांनी १९९१-९२च्या सुमाराला खडीची बाग केली. जमीन रेताड, गोट्यांची, वर्षानुवर्षं चाकांखाली दबलेली. ती उकरली, कंपोस्ट मिसळलं, कोरड्या हवेला सरावलेली झाडं निवडून लावली, वर खडी पसरली, आणि ठरवून टाकलं की झाडं एकदा रुजली की पुन्हा पाइप हातात घ्यायचा नाही. बाई २०१८ साली गेल्या. बाग आहे, आणि लोक ती बघायला जातात. त्या भागात वर्षाला पाऊस पडतो साधारण पाचशे मिलीमीटर.

हा आकडा सातारकरांना ओळखीचा वाटायला हरकत नाही. माण तालुक्याची सरासरी त्याच्याच आगंमागं आहे. म्हणजे पाचशे मिलीमीटर पाऊस पडला की एसेक्समध्ये बाग होते आणि दहिवडीत चारा छावणी.

असं का होतं, ते साडूंना पुण्याच्या मॅडमनी समजावून सांगितलं. ह्या मॅडम लँडस्केपचं काम करतात. वयानं साडूंच्या मुलीएवढ्या, पण कामाला पक्क्या. साडूंनी फोटो दाखवायला मोबाइल काढला, तर त्यांनी आधी पहार मागितली. अंगणात तीन ठिकाणी हातभर खोल खड्डे घेतले, त्यांत बादलीनं पाणी ओतलं आणि चहाला येऊन बसल्या. चहा झाला, पोहे झाले, ग्रीसच्या सहलीचा पूर्वार्ध झाला, तरी दोन खड्ड्यांतलं पाणी होतं तिथंच.

“काका, इथं लॅव्हेंडर लावलं तर जुलैत मरेल.”

“त्याला पाणी लागत नाही ना पण?”

“म्हणूनच मरेल.”

भूमध्य समुद्राकाठी पाऊस पडतो हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. तिकडच्या झाडांनी आपला सगळा संसार त्यावर बेतलेला. थंडीत प्यायचं, वसंतात फुलायचं, उन्हाळ्यात डोळे मिटून पडायचं. आपल्याकडं ती डोळे मिटायला टेकतात न टेकतात तोच वळीव येऊन कोसळतो, मागून मृग, मग आर्द्रा. हवा उबट, मुळं ओली, आणि असं चार महिने. दुष्काळ सोसणारं झाड आपल्याकडं बहुधा पावसानं मरतं. एसेक्सचं आणखी वेगळं. तिथं तो पाचशे मिलीमीटर बारा महिने थोडाथोडा शिंपडल्यागत पडतो आणि ऊन बेतानं. माणमध्ये तेवढाच पाऊस परतीच्या वेळी आठ-दहा दिवसांत हिशेब चुकता करून जातो, आणि पुढं मे महिन्यात पारा चाळिसावर.

त्यात आपला जिल्हाही काही सरळ नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलीमीटर, आणि तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर म्हसवडला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. हवामान खात्यात साताऱ्याला ज्यानं एकच सरासरी लावली असेल, त्याचं मला नेहमी नवल वाटतं.

तर खड्ड्यातलं पाणी जिरत नव्हतं, त्याचं कारण साडूंनाच ठाऊक होतं. बंगला बांधला तेव्हा अंगणात नुसता मुरूम होता. मुरमात लॉन येत नाही म्हणून त्यांनी तो वीत-दीड वीत काढून टाकला आणि ट्रॉल्या भरभरून काळी माती आणवली. आता मॅडम म्हणाल्या, काळी माती काढा आणि मुरूम भरा. साडूंनी जुन्याच ट्रॉलीवाल्याला फोन केला. तो आनंदानं आला, माती घेऊन गेला, मुरूम टाकून गेला. हा मुरूम त्याच अंगणातला, मागच्या खेपेला नेलेला, असं तो जाताना सहज बोलून गेला. भाव मात्र चालू बाजाराचा लावला.

मग खडी आली. डंपर सकाळी सहाला आला आणि त्यानं जो आवाज केला, त्यानं आळीतला एकही माणूस ह्या घटनेला मुकला नाही. समोरचे काका बनियनवर बाहेर आले आणि “वरचा मजला काढताय का?” म्हणून विचारून गेले. पलीकडच्या काकूंना वाटलं, नगरपालिकेनं अखेर रस्ता मनावर घेतला. त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजला. बाग करायचीय हे कळल्यावर दोघंही जरा वेळ गप्प राहिले, आणि मग काकांनी चार घमेली खडी उसनी मागितली. गच्चीच्या कोपऱ्यात पाणी साचतं, तेवढं बघून घेतो म्हणाले. उसन्या साखरेची परतफेड होते, खडीची होत नाही.

साडूंचा हिरमोड झाला तो रंगानं. ग्रीसमधला दगड दुधाळ, चुन्याचा. क्रशरवरून आलेली खडी निळसर काळी. त्यांनी क्रशरवाल्याला फोन लावून विचारलं, जरा क्रीम रंगात मिळेल का? तो म्हणाला, “सायेब, आपल्यात खडी काळीच असती. पांढरी पायजे तर चुना मारा.” माणूस शास्त्राला धरून बोलत होता. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा गोठलेला लाव्हा. तो बदलायला साडूंच्या ग्रॅच्युइटीत बसणारा खर्च नव्हे.

काळ्या खडीचा एक गुण मे महिन्यात कळला. दुपारी तिच्यावर उघड्या पायानं चालता येत नाही. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं आणि सावलीसाठी मांडव घ्या म्हणूनही सांगितलं होतं. ताईंनी त्या उन्हाचा उपयोग कुरडया-सांडगे वाळवायला करून घेतला. खडीवर बाजा टाकल्या, त्यांवर धुतलेली धोतरं अंथरली, आणि महिनाभर त्या बागेत ग्रीसचं काहीही दिसलं नाही.

खडीबरोबर संसार करणं ही वेगळीच विद्या आहे. कामाच्या मावशींनी पहिल्या दिवशी सवयीप्रमाणं खराटा घेतला आणि अर्ध्या तासात सगळी बारीक खडी कुंपणाच्या कोपऱ्यात नेऊन ढीग केला. वर “अंगणात लईच घाण केली होती कुणीतरी” असंही म्हणाल्या. सडा घातला तर पाणी खडीतून थेट खाली, अंगण ओलं दिसतच नाही. रांगोळीचं तर विचारूच नका. शेवटी फाटकाशी दोन फरश्या बसवल्या आणि त्या रांगोळीला सोडून दिल्या. आळीतल्या सगळ्या मांजरांनी ही बाग आपल्यासाठीच केली असं धरून चालून सोय करून घेतली. एक फायदा मात्र निर्विवाद. कुणी आलं की खडी करकरते. साडूंच्या बागेतून चोर येणं अशक्य आहे, आणि रात्री उशिरा येणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांनाही ते आता अशक्य झालं आहे.

बागेच्या मधोमध तुळशी वृंदावन होतं. मॅडमनी ते हलवा असं म्हणायचा प्रयत्नही केला नाही. पुण्यातली असली तरी मुलगी घरंदाज. मग असं झालं, की जिला पाणी म्हणून द्यायचं नाही अशा बागेच्या ऐन मध्यावर रोज सकाळी ताईंचा तांब्या, सूनबाईंचा तांब्या, आणि एकादशीला आळीतल्या निम्म्या बायकांचे तांबे रिकामे होऊ लागले. त्या पाण्यावर तुळस टिकून होती एवढंच, पण तिच्या आसऱ्यानं लव्हाळा माजला.

लव्हाळ्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. खडी टाकली की तण येत नाही, हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्या देशात लव्हाळा नसावा. खडीखाली साडूंनी चांगल्यापैकी जाड कापड अंथरलं होतं. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार. तो कापडातून आरपार वर येतो, आणि उपटला तर पात हातात येते, गाठ कापडाखाली सुखरूप राहते. मग कापड उचलायचं तर आधी वरची खडी उचलावी लागते. साडू रोज सकाळी पाटावर बसून हे करत. बँकेत तीस-बत्तीस वर्षं त्यांनी थकबाकीदारांचा पाठपुरावा केला, पण इतका चिवट गडी भेटला नव्हता, असं ते स्वतःच म्हणत.

साडूंचं मूळ गाव तासगाव तालुक्यात. धाकटे भाऊ, अण्णा, तिथं द्राक्षबाग करतात. मॅडमनी सांगितलेल्या मांडवावर साडूंनी हौसेनं द्राक्षाचा वेल चढवला होता. ग्रीसमध्ये अशाच मांडवाखाली बसून त्यांनी कॉफी घेतली होती. दिवाळीत अण्णा आले, खडीकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ वेलाखाली गेले, एक पान उलटं केलं आणि चेहरा पाडून म्हणाले, “दादा, डाउनी आलाय. खरड छाटणी कधी घेतली होती?”

छाटणी घेतलीच नव्हती. सावलीसाठी लावलाय, असं साडू म्हणाले. अण्णांना हे वाक्य कळायला वेळ लागला. जो माणूस एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी घेतो, मधल्या काळात ढग दिसला की फवारणीचा ट्रॅक्टर काढतो, त्याला द्राक्ष हे सावलीचं झाड आहे असं कुणी सांगणं म्हणजे अवघडच. पुढं तासभर त्यांनी जे ऐकवलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. तासगावच्या हलक्या जमिनीतली द्राक्षं, आटपाडीच्या मुरमाड माळावरचं डाळिंब, पुरंदरचा अंजीर, हे सगळं त्या भूमध्य समुद्राच्या आणि इराणच्या बाजूचंच बिऱ्हाड. बेदाण्यासाठी तासगावात द्राक्षं सुकवायच्या आधी पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे ती लवकर वाळतात. तिकडं रोमन लोक ह्याच कामाला राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरत. थोडक्यात, सांगली जिल्ह्याचा अर्धा पूर्वभाग कित्येक वर्षं भूमध्यसागरी बागच करतो आहे. फक्त तिच्यावर सोसायटीचं कर्ज असतं.

ऑलिव्हच्या झाडाबद्दल एवढंच, की ते जिवंत आहे. राजस्थानात २००८पासून इस्रायलच्या मदतीनं ऑलिव्हची लागवड झाली, हे साडू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. पण फुलायला त्याला थंडी लागते, आणि साताऱ्याची थंडी स्वेटर काढेपर्यंतच असते. आळीतली मुलं त्याला अजून जांभूळ समजून दरवर्षी मे महिन्यात बघून जातात.

साडूंचे एक बँकेतले स्नेही सांगली शहरात राहतात, नदीपासून फार लांब नाही. त्यांनी साडूंचं बघून तशीच बाग केली. सांगलीत बाग करताना झाडं कोणती लावावीत ह्याआधी आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे हे बघावं लागतं, हा मुद्दा त्यांच्याकडून निसटला. १९२९ सालच्या त्या पुलावर धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. २०१९च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, आणि २०२१ला पुन्हा घरात आलं. कमी पाण्यावर जगणारी ती झाडं कृष्णामाईच्या पाण्याखाली चार दिवस उभी होती. पूर ओसरला तेव्हा खडीवर वीतभर गाळ बसला होता. त्या गाळात त्यांच्या सौभाग्यवतींनी मेथी टाकली. अशी मेथी आयुष्यात खाल्ली नव्हती, असं ते अजून सांगतात, आणि बागेचा विषय टाळतात.

ह्या एका सांगली जिल्ह्यात काय काय चालतं ते सांगितलं तर परक्या माणसाला खोटं वाटेल. त्याच २०१९च्या ऑगस्टात वाळवा-पलूसकडं लोकांना होड्यांतून बाहेर काढत होते आणि जत-आटपाडीकडं टँकर आणि छावण्या चालू होत्या. त्याआधी २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि जतचे लोक वर्तमानपत्रात त्या गाडीचे फोटो बघत होते. दुष्काळ सोसणारी झाडं कुठल्याही रोपवाटिकेत मिळतील. सांगलीला हवीत ती श्रावणात बुडून चैत्रात तहानेनं न मरणारी. अशी झाडं आहेत. पण ती फोटोत चांगली दिसत नाहीत, म्हणून साडूंच्या यादीत नव्हती.

ती यादीत आली आमच्या मामांमुळं. मामा म्हणजे बायकोचे आणि ताईंचे मामा, म्हसवडकडचे. कोर्टाच्या तारखेला साताऱ्याला आले होते, मुक्कामाला साडूंकडं उतरले. फाटक उघडून दोन पावलं आले आणि खडीवर थबकले.

“जावईबापू, घर पाडताय व्हय?”

“नाही मामा, बाग केलीय.”

“कुठाय?”

साडूंनी हातानं दाखवली. मामांनी त्या हाताच्या दिशेनं बघितलं, मग साडूंकडं बघितलं. खडी विकत आणली हे ऐकल्यावर ते ओट्यावर टेकले. ब्रासचा भाव ऐकल्यावर पाणी मागितलं. “आमच्या आज्यानं दगड येचलं, बानं येचलं, म्या येचतोय. बांधाला ताली घातल्या, घराला घातलं, इहिरीला घातलं, तरी सरंना. आन् तुमी पैसं देऊन?” पुढचा अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. जेवताना मधूनच बाहेर बघून मान हलवत होते.

पण संध्याकाळी वेगळंच घडलं. एप्रिल होता, दोन महिने बागेला थेंब मिळालेला नव्हता. मामा उकिडवे बसले, पंजानं खडी बाजूला सारली, कापडाची कड उचलली आणि खालच्या मुरमात बोट घातलं. बोटाला ओल लागली. त्यांनी ती अंगठ्यानं चोळून बघितली. “ह्ये बरोबर हाय,” म्हणाले. “मोठा दगड तालीला काढायचा. बारका खडा रानातच ठिवायचा. आमच्यात एकानं ट्रॅक्टरनं समदा बारका खडा काढून रान लोण्यावाणी केलं. फागुनात भेगा पडल्या. खडा ऊन खातोय, वल धरतोय.” हे एसेक्समधल्या बाईंनी पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. म्हसवडला ते कुणी छापलं नाही इतकंच.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या होत्या, त्यांची आणि मामांची गाठ पडली. दोघांचं चांगलंच जमलं. मॅडमनी वही काढली. मामांनी सांगितलं, की पाणी पळतंय त्याला चालायला लावायचं, चालतंय त्याला थांबवायचं, थांबलेल्याला जिरवायचं. माणदेशात हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. २०१६ला वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ला माणमधली टाकेवाडी, आणि त्या उन्हाळ्यांत इकडच्या माणसांनी एवढे समतल चर खणले, की पाहुणे आले तरी आधी हातात फावडं देत. मामांनी बंगल्याच्या पन्हाळीचं पाणी कुठं जातं ते विचारलं. गटारात, असं कळल्यावर त्यांनी दुपारच्या उन्हात अंगणाच्या उताराला आडवा चर मारला, त्यात मोठे दगड भरले आणि पन्हाळीचं तोंड तिकडं वळवलं. साडूंच्या तीन गुंठ्यांत पाणलोट विकास झाला. उद्घाटनाला नारळ तेवढा राहिला.

झाडांच्या बाबतीत मात्र मामांनी दया दाखवली नाही. रोपवाटिकेतून आणलेली, पिवळ्या-गुलाबी फुलांची, कुंडीसकट चांगलं वजनदार बिल झालेली सहा रोपं त्यांनी सकाळी अंघोळीआधी उपटून रस्त्यावर फेकली. घाणेरी होती ती. इंग्रजांनी शोभेसाठी म्हणून ही बया ह्या देशात आणली, आणि तेव्हापासून रानं तिच्या ताब्यात गेली. “दारात कशी काय उगावली?” असं मामा विचारत होते, तेव्हा साडू पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. घायपाताच्या कुंडीपुढं मामा बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या बांधाला ती फर्लांगभर आहे, आणि शेळ्यासुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत.

निवडुंगाचंही तसंच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला, तो निवडुंगांनी आणि सापांनी भरलेला. आधी निवडुंग तोडला तेव्हा कुठं किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि तिथल्या लोखंडी नांगरांनी महाराष्ट्र नांगरला. आता त्याच निवडुंगाचं टीचभर बोंड पांढऱ्या कुंडीत घालून, भोवती पांढरे गोटे रचून विकतात. लक्ष्मणरावांना हा धंदा दिसला असता तर कदाचित नांगराच्या भानगडीत पडले नसते.

मॅडम मग साडूंना पावसाळा सरताना कासला घेऊन गेल्या. सातारकरांना कास म्हणजे पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी घाट अडवणारं प्रकरण. पण मॅडम म्हणाल्या, गर्दीकडं बघू नका, पायाखाली बघा. जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर कुठं बोटभर माती, कुठं तीही नाही. जूनपासून त्यावरून पाण्याचे लोट, डिसेंबरपासून नुसता तापलेला दगड. आणि त्यावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, घाई नाही. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं. माळी एकही नाही. आहेत ती फुलांवर बसून फोटो काढणाऱ्यांवर शिट्टी वाजवणारी पोरं. साडू म्हणाले, दोन रोपं उपटून न्यावीत का? मॅडमनी त्यांच्याकडं असं बघितलं, की शिट्टीची गरज पडली नाही.

खडीत शेवटी जे लावलं ते असं: कण्हेर, डाळिंब, कोरफड, पानओवा, सदाफुली, भिंतीवर बोगनवेल, आणि उंचवट्यावर हौसेखातर एक रोझमेरी. साडूंनी तरीही लावलेलं लॅव्हेंडर जुलैत गेलं, मॅडमनी सांगितलेल्या महिन्यातच. कण्हेर मूळची भूमध्य समुद्राकाठचीच, तेव्हा साडूंच्या ग्रीसची अब्रू राहिली. गंमत अशी, की कण्हेर, बोगनवेल, खडी आणि तळपतं ऊन ही बाग साताऱ्यात केव्हापासूनच आहे, पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दुभाजकावर. शिरवळपासून कराडच्या पुढपर्यंत अखंड. एवढी लांब भूमध्यसागरी बाग ग्रीकांनाही जमली नसेल. बघायला थांबता मात्र येत नाही.

मामा गेले ते डोक्यात काहीतरी घेऊन गेले, हे ताईंनी तेव्हाच ओळखलं होतं. महिन्याभरानं मॅडमचा फोन आला, मामांचा नंबर हवा होता. पुण्यात त्यांच्या तीन बागांना क्रशरची खडी नको होती, झिजलेला, तांबूस, ओबडधोबड खडा हवा होता, माळावरचा असतो तसा. मामांनी गावातली चार पोरं आणि बायका लावून दगड वेचला, चाळला, धुतला आणि ट्रक भरला. गौणखनिजाची रॉयल्टी लागते का, हे विचारायला ते सरकारी कचेरीत जाऊन आले. वेचलेल्या दगडाचा रकाना तिथल्या कुठल्याच अर्जात निघाला नाही. सध्या तो प्रश्न वर गेलेला आहे. पहिल्या पैशातून मामांनी डाळिंबाला ठिबक बसवलं.

परवा त्यांनी साडूंना फोन केला. दुसरी गाडी सुटायची होती. “जावईबापू, तेवढा म्याडमला एक निरोप द्या. धरणाचं पाणी रानात आल्यापासनं लव्हाळा बी आलाय आमच्यात. दगडासंगं थोड्या गाठी येत्याल म्हणावं. त्येचं वायलं पैसं न्हाईत.”